त्रिनिदाद आणि टोबॅगो: दोन बेटांची सुट्टी कशी आखावी

कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडचे टूरवाले आधी क्रूझ पुढे करतात. आठवड्यात चार-पाच बेटं, प्रत्येक बंदरावर अर्धा दिवस, बाकी वेळ जहाजावर बुफे. अमेरिकेत राहणाऱ्यांना ते परवडतं, पुन्हा जाता येतं. मुंबई-पुण्याहून अर्धं जग ओलांडून जाणाऱ्याने मात्र एकच देश निवडावा आणि तो नीट बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो देश त्रिनिदाद आणि टोबॅगो असावा, हे दुसरं मत.

कारण साधं आहे. त्रिनिदाद पर्यटकांवर जगत नाही, तेल आणि वायूवर जगतं. त्यामुळे तिथले सण, रस्त्यावरचं खाणं, संगीत हे सगळं तिथल्या लोकांनी स्वतःसाठी चालवलेलं आहे, आपल्याला दाखवायला मांडलेलं नाही. फोटोत दिसतो तो निळा समुद्र हवा असेल तर शेजारी टोबॅगो आहेच. शिवाय शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही, आणि हे कॅरिबियनमधल्या प्रत्येक बेटाबद्दल म्हणता येणार नाही.

आधी महिना ठरवा

जानेवारी ते मे कोरडा मोसम, जून ते डिसेंबर पावसाळा. पाऊस आपल्या कोकणासारखा दिवसभर लागून राहत नाही, बहुधा दुपारी जोरदार कोसळतो आणि उघडतो. ही बेटं दक्षिण अमेरिकेच्या अगदी कुशीत आहेत. त्रिनिदादपासून व्हेनेझुएलाचा किनारा जेमतेम ११ किलोमीटरवर. त्यामुळे चक्रीवादळांचा नेहमीचा मार्ग उत्तरेकडून जातो. टोबॅगोला १९६३ च्या फ्लोरा वादळाने झोडपलं होतं, पण असा फटका विरळा.

महिना निवडताना हवेपेक्षा तुम्हाला काय बघायचं आहे ते महत्त्वाचं. कार्निव्हल हवा असेल तर ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीचे सोमवार-मंगळवार. २०२७ मध्ये ते ८ आणि ९ फेब्रुवारीला येतात. त्या दिवसांसाठी खोली आणि विमान कित्येक महिने आधी धरावं लागतं आणि दर चढलेले असतात. समुद्री कासवं हवी असतील तर मार्च ते ऑगस्ट. दिवाळीत गेलात तर चगुआनस शहराजवळच्या दिवाली नगरात सणाच्या आधीच्या काही रात्री मोठा मेळा भरतो. कशाचाच हट्ट नसेल तर मी एप्रिलचा मध्य ते मे अखेर सुचवेन. गर्दी ओसरलेली असते, समुद्र शांत असतो, कासवं आलेली असतात, आणि ३० मे हा भारतीय आगमन दिन सार्वजनिक सुट्टीचा असतो.

व्हिसा, लस, विमान: याच क्रमाने

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्रिनिदाद-टोबॅगोचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. तरी नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा छापील स्वरूपात जवळ ठेवा.

खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाताना हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर ब्रिटनमध्ये प्रवेश करावाच लागतो, म्हणजे त्यांचाही व्हिसा आला. अ‍ॅमस्टरडॅम हा तिसरा मार्ग. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आधीच आहे किंवा ज्यांची मुलं न्यू जर्सी-टोरंटोकडे आहेत, त्यांनी तिकडच्या भेटीला जोडूनच हा बेत करावा, विमानखर्च बराच वाचतो. स्वस्त दिसणारं तिकीट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं जोडलेलं तर नाही ना, तेवढं बघा. तसं असेल तर मधल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि व्हिसाचा प्रश्न तिथे उभा राहतो.

आता लस. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांची भारत सरकारची जी यादी आहे, तिच्यात त्रिनिदाद आहे. तिथून परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. केंद्रांवर आधी नाव नोंदवावं लागतं, म्हणून निघण्याआधी किमान महिनाभर हे काम उरका. साठीच्या पुढचे, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

दिवसांची वाटणी

दहा दिवस असतील तर पाच त्रिनिदाद, पाच टोबॅगो. आधी त्रिनिदाद. उलटा क्रम लावलात तर टोबॅगोच्या आळसानंतर त्रिनिदादच्या धावपळीला मन तयार होत नाही. त्रिनिदादचं क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, टोबॅगो ३०० च्या आसपास. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात, पण सकाळ-संध्याकाळ पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर वाहनं तुंबतात. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरा: एक दिवस शहर, एक दिवस उत्तर किनारा, एक दिवस मध्य भाग, एक दिवस दक्षिण.

मुक्काम वुडब्रुक किंवा सेंट क्लेअर भागात घ्या. खाण्याची ठिकाणं, मैदान आणि क्रिकेटचं स्टेडियम तिथून जवळ पडतं.

पोर्ट ऑफ स्पेन

शहराच्या डोक्याशी क्वीन्स पार्क सव्हाना हे अवाढव्य मैदान आहे. कार्निव्हलचा मुख्य मंच इथेच असतो. पश्चिम कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या सात इमारती ओळीने उभ्या आहेत, त्यांना ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणतात. उत्तरेला १८१८ ची वनस्पती उद्यानं आणि प्राणिसंग्रहालय. हे सगळं संध्याकाळी चार ते सहा या वेळात पायी बघून होतं. कडेच्या गाडीवर शहाळं प्या आणि ‘चाउ’ खा: कैरी किंवा अननसाच्या फोडी, मीठ, लसूण, मिरची आणि तिथली कोथिंबिरीच्या वासाची पानं.

क्वीन्स पार्क ओव्हल मात्र मराठी माणसाने चुकवू नये. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात ११२ धावा केल्या, आणि सुनील गावसकरांचा तो पहिलाच कसोटी सामना होता: ६५ आणि नाबाद ६७. त्याच मालिकेत शेवटच्या कसोटीसाठी संघ पुन्हा इथे आला तेव्हा दाढदुखी सोसत गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. चार सामन्यांत ७७४. त्रिनिदादच्या लोकांनी त्यांच्यावर कॅलिप्सो गीत रचलं. पुढे १९७६ मध्ये ४०३ धावांचं लक्ष्य भारताने याच खेळपट्टीवर सहा गडी राखून गाठलं. सामना नसेल तेव्हा दारावर विनंती केली तर कधीकधी आत सोडतात. साठीच्या पुढचा कुणी त्रिनिदादकर भेटला तर गावसकरांचं नाव काढून बघा, तुमची टॅक्सी उशिरा सुटेल.

संध्याकाळी पॅनयार्डला, म्हणजे स्टीलपॅन वादकांच्या सरावाच्या अंगणात जा. स्टीलपॅन हे वाद्य याच शहरातल्या गरीब वस्त्यांत १९३०-४० च्या दशकांत घडलं. बांबू ठोकून ताल धरण्यावर बंदी आली तसे लोक पत्र्याचे डबे आणि मग तेलाची पिंपं वाजवू लागले, पिंपाचा तळ ठोकून त्यावर सूर बसवू लागले. जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत ‘ऑल स्टार्स’, ‘रेनेगेड्स’, ‘फेज टू’ असे मोठे संच आपापल्या अंगणात रोज रात्री सराव करतात. शंभर-सव्वाशे वादकांचा सराव हाताच्या अंतरावरून ऐकता येतो. कार्निव्हलच्या काळातल्या स्टीलपॅनच्या अंतिम स्पर्धेचं महागडं तिकीट नाही मिळालं तरी हळहळू नका, सरावात जास्त मजा आहे.

खाणं

दिवसाची सुरुवात डबल्सने करा. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन ‘बारा’, मध्ये काबुली चण्यांची पातळ उसळ, वर काकडी, चिंच आणि मिरचीची चटणी. कागदात गुंडाळून देतात, उभ्याने खायचं. पूर्ण शाकाहारी. गाडीवाला तिखटाचं विचारतो तेव्हा ‘स्लाइट’ म्हणा. आपण तिखट खाणारे आहोत ही घमेंड इथे सोडून द्यावी, कारण तिथली मिरची स्कॉच बॉनेटच्या जातीची असते आणि दक्षिणेतल्या मोरुगा गावची ‘स्कॉर्पियन’ २०१२ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरली होती. डबल्स सकाळी लवकर आणि रात्री उशिरा मिळतात, दुपारी शोधत फिरू नका.

रोटीचे दोन मुख्य प्रकार. ‘डालपुरी’ म्हणजे वाटलेली डाळ भरलेली मोठी पातळ पोळी, तिच्यात भाजी गुंडाळून देतात. ‘बस-अप-शट’ म्हणजे तव्यावर उलथन्याने फोडून भुगा केलेला पराठा, तो ताटात येतो. आत काय हवं ते सांगताना चना, आलू, पंपकिन (भोपळा), बोडी (चवळीच्या शेंगा), भाजी (पालेभाजी) हे शब्द चालतात. दक्षिणेला देबे गावात रस्त्याकडेला दुकानांची रांग आहे. तिथे ‘सहीना’ मागा: अळूची पानं आणि डाळीचं पीठ, तळलेलं. अळूवडीची ही चुलत बहीण ओळखायला कुणाला मदत लागणार नाही. ‘कॅलालू’सुद्धा अळूच्या पानांचंच, नारळाच्या दुधात भेंडी घालून शिजवलेलं. पण त्यात बरेचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असतं, शाकाहारी असाल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

उत्तर किनारा

माराकास किनाऱ्याचा रस्ता डोंगरातून वळणं घेत जातो. रहदारी नसेल तर शहरापासून पाऊण तास. इथलं प्रसिद्ध खाणं ‘बेक अँड शार्क’: तळलेल्या पावात माशाचा तुकडा आणि वर हव्या तितक्या चटण्या. शार्क खाणं मनाला पटत नसेल तर सुरमईच्या कुळातला किंगफिश मागा, चवीत काही गमवत नाही. समुद्राला ओढ आहे. जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, आणि लाल झेंडा असेल तर वाळूवर बसून खायचं. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी जा.

मध्य त्रिनिदाद: देवळं, चिखल आणि लाल पक्षी

हा माझ्या मते सगळ्या सहलीतला सर्वांत भरगच्च दिवस. गाडी दिवसभरासाठी ठरवा.

सकाळी कारापिचाइमा. दत्तात्रेय योग केंद्राच्या आवारात ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे. दत्ताचं देऊळ इतक्या दूर बघून आपल्याकडची मंडळी थबकतात. ते केंद्र म्हैसूरच्या दत्तपीठाशी जोडलेलं आहे, बांधणी दक्षिणी धाटणीची. तिथून वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ जवळच. सिवदास साधू या ऊसमजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, कंपनीने ते पाडायला लावलं आणि त्याला १४ दिवसांचा तुरुंगवास झाला. सुटल्यावर त्याने ठरवलं की समुद्र कुणाच्या मालकीचा नाही. सायकलवर दगड आणि सिमेंट वाहून त्याने सुमारे पंचवीस वर्षं एकट्याने भर टाकली. लाटांनी खचलेलं ते देऊळ १९९५ मध्ये, भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षं झाली तेव्हा, नव्याने उभं राहिलं. शेजारीच दहनभूमी आहे, तिथे कॅमेरा बंद ठेवा.

३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं. पुढे १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार लोक करारावर उसाच्या मळ्यांत आणले गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्या वंशजांच्या घरांपुढे बांबूवर रंगीत झेंड्या दिसतील. पूजा झाली की त्या रोवतात. मात्र ‘आपली माणसं’ म्हणून गळ्यात पडायला जाऊ नका. पाच-सहा पिढ्या गेल्या, हिंदी बोलणारे थोडे, आणि ते स्वतःला आधी त्रिनिदादचे समजतात. गप्पा क्रिकेट आणि जेवणावरून सुरू करा, गाव कुठलं ते सांगायचं असेल तर तेच सांगतील.

चार वाजायच्या आत कॅरोनीच्या दलदलीत पोहोचा. खारफुटीतून सपाट होड्या निघतात. नावाडी झाडावर वेटोळं घालून पडलेले अजगरकुळातले साप दाखवतो, नशिबात असेल तर रेशमी मुंगीखाऊ. मग होडी मोकळ्या पाण्यात थांबवतात. सूर्य खाली जाताना स्कार्लेट आयबिस थव्याथव्यांनी परततात आणि हिरवं बेट लाल होत जातं. खेकडे-कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे त्यांची पिसं लाल होतात, पिल्लं राखाडी असतात. होडी पक्ष्यांपासून लांब थांबते, तेव्हा दुर्बीण नसेल तर निम्मा आनंद गेला. मोबाइलच्या फोटोत फक्त लाल ठिपके येतील. डासांचं मलम लावूनच होडीत बसा.

दक्षिण: डांबराचा तलाव

ला ब्रेचा पिच लेक म्हणजे सुमारे १०० एकर नैसर्गिक डांबर, जगातला सर्वांत मोठा साठा. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने इथलं डांबर जहाजाच्या फटी बुजवायला वापरलं. लांबून हे एखाद्या ओसाड पार्किंगसारखं दिसतं आणि बरेच लोक वैतागून परत फिरतात. केंद्रातला अधिकृत वाटाड्या घेऊन आत चाला, मग पायाखालची जमीन दबते, बुडबुडे येतात, गंधकाचे कुंड लागतात. वाटाड्याशिवाय जाऊ नका, मऊ जागा वरून ओळखू येत नाहीत. सकाळी दहाच्या आत उरका, नंतर डांबर तापतं. पक्ष्यांची किंवा भूगर्भाची आवड नसेल आणि वेळ कमी असेल तर हा दिवस खुशाल गाळा.

कासवं

मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासविणी ग्रां रिव्हिएर आणि मातुरा इथे अंडी घालायला येतात. किनाऱ्यावर रात्री जायला परवाना लागतो, तो आणि वाटाड्या स्थानिक संस्थाच मिळवून देतात. फ्लॅश बंद, फक्त लाल दिवा, आणि कासवीण अंडी घालायला लागेपर्यंत दूर थांबायचं. ग्रां रिव्हिएर शहरापासून इतकं लांब आहे की तिथेच रात्र काढा, एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा बेत फसवा आहे.

टोबॅगो

विमान साधारण २५ मिनिटांचं. पोर्ट ऑफ स्पेनहून टोबॅगोच्या स्कारबरो बंदराला बोटही जाते, तीन-चार तास लागतात आणि खाडी खवळलेली असली तर पोट ढवळतं. सणासुदीला दोन्हींची तिकिटं लवकर संपतात.

पहिले दोन दिवस नैर्ऋत्य टोकाला क्राउन पॉइंटजवळ राहा. पिजन पॉइंटचा गवताच्या छपराचा धक्का तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेलाच आहे. आत जायला प्रवेश फी असते. स्टोअर बेवरून काचेच्या तळाच्या होड्या बुकू रीफ (प्रवाळखडक) आणि नायलॉन पूलला जातात. भर समुद्रात कमरेएवढं पाणी आणि खाली पांढरी वाळू. सकाळची होडी घ्या. बुकूवरचं बरंच प्रवाळ गरम पाण्याने आणि पर्यटकांच्या पायांनी मेलेलं आहे, म्हणून तिथे प्रवाळावर उभं राहायला सांगणारा नावाडी भेटला तर सरळ नकार द्या. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट होडीत चढतानाच अंगात घाला. परत आल्यावर स्टोअर बेच्या टपऱ्यांवर खेकड्याचा रस्सा आणि डम्पलिंग. हात बरबटणार, पांढरे कपडे नकोत. अमावास्येच्या आसपास असाल तर बॉन अकॉर्डच्या खाजणात रात्री कयाक घ्या, वल्हं मारलं की पाणी चमकतं.

उरलेले दिवस ईशान्येकडे. वाटेत मेन रिज अरण्य. १३ एप्रिल १७७६ ला इथल्या विधानसभेने पाऊस टिकावा म्हणून हे जंगल राखून ठेवलं. पश्चिम गोलार्धातलं कायद्याने राखलेलं सर्वांत जुनं जंगल असा त्याचा मान आहे. गिल्पिन ट्रेसची पायवाट दोन-अडीच तासांची, चिखलाची. सुरुवातीलाच रबरी बूट भाड्याने मिळतात, ते घ्या. वाटाड्या घेतला तर मॉटमॉट आणि हमिंगबर्ड हे पक्षी दिसतात, एकटे गेलात तर फक्त झाडं दिसतात.

स्पेसाइडला होडीने लिटल टोबॅगो बेट आणि पक्षी, डायव्हिंगचं प्रमाणपत्र असेल तर प्रचंड ब्रेन कोरल, म्हणजे मेंदूसारखं दिसणारं प्रवाळ. शार्लटव्हिलला पायरेट्स बे. पण मला विचाराल तर मुक्काम कस्तारा या मासेमारी गावात घ्यावा आणि एक अख्खा दिवस इंग्लिशमन्स बेवर काहीही न करता काढावा. अटलांटिकच्या बाजूला काही महिने सारगॅसम शेवाळाचे ढीग लागतात आणि कुजका वास येतो, कस्ताराकडची बाजू बहुधा त्यातून सुटते.

सावधगिरी आणि किरकोळ

पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत टोळ्यांची गुन्हेगारी खरी आहे आणि सरकारने अधूनमधून आणीबाणीही लावली आहे. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, पूर्वेकडच्या वस्त्यांत ओळखीशिवाय जाऊ नका, निर्जन किनाऱ्यावर दोघांनीच बसू नका. टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू झाली पाहिजे. ‘पी’ म्हणजे खाजगी गाडी, तिने भाडं घेणं बेकायदा. गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते, पण चालवायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

लष्करी ठिपक्यांचे कपडे नागरिकांना घालायला तिथे कायद्याने बंदी आहे, मुलांची टोपीसुद्धा बॅगेतून काढा. टोबॅगोच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं विषारी झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं. ती खाऊ नका, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहू नका, ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. वीज ११५ व्होल्ट, अमेरिकन पिन. मोबाइलचा चार्जर चालतो, आपला हेअर ड्रायर चालत नाही.

रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत. अमेरिकन डॉलर न्या. एका डॉलरला तिथले सुमारे पावणेसात डॉलर पडतात. लागतील तेवढेच बदला, कारण देशात परकीय चलनाची टंचाई आहे आणि उरलेले परत बदलून घेणं जिकिरीचं होतं. उरलेच तर पियार्को विमानतळावर कोको, अँगोस्टुरा बिटर्स (पेयांत थेंबभर घालायचा कडू अर्क) आणि मिरचीची चटणी घ्या. मात्र चटणीच्या बाटलीवर द्रवपदार्थाचे नियम लागतात, म्हणून शहरातच घेऊन चेक-इनच्या सामानात टाकलेली बरी. टोबॅगोहून परतताना त्याच दिवशीचं परदेशी विमान धरू नका. बेटांमधली विमानं उशीर करतात, तेव्हा शेवटची रात्र पियार्कोजवळ काढा.